उसना दशक : करवीर तालुक्यातल्या एका शाळेतलं प्रकरण

5 सप्टेंबर 2022, सोमवार. आमच्या शाळेत स्वयंशासन होतं. दहावीच्या मुली आईच्या नाहीतर काकूच्या साड्या नेसून आलेल्या, पोरांनी वडिलांचे इस्त्रीचे शर्ट चढवलेले. एक जण मुख्याध्यापक, एक लिपिक, दोघे शिपाई, बाकी सगळे शिक्षक. आम्ही खरे शिक्षक स्टाफरूममध्ये चहा पीत बसलो होतो आणि मधूनच उठून वर्गांच्या खिडक्यांतून डोकावत होतो.

सहावीच्या वर्गात मला मीच दिसलो. चष्मा कपाळावर ढकललेला, खडू दोन बोटांत फिरतोय आणि दर वाक्याच्या शेवटी 'कळलं का?'. उत्तराची वाट न बघता लगेच पुढचं वाक्य. वर्ग खिदळत होता, मीही हसलो. शेजारच्या सातवीत एका मुलीनं आत गेल्या गेल्या डस्टर टेबलावर तीनदा आपटलं आणि मग शिकवायला काही सुचेना म्हणून पुन्हा आपटलं.

शेवटच्या तासाला मी दहावीत कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. पुढं काय व्हायचंय ते लिहा, नाव घालू नका. घरी नेऊन वाचल्या. पोलीस, अग्निवीर, नर्स, इंजिनिअर, एमपीएससी, सीए, ब्युटी पार्लर, 'दुबईला मामाकडे', एकानं 'गोकुळमध्ये चिकटणार' असं सरळ लिहिलेलं. शिक्षक एकाही चिठ्ठीत नव्हता. त्याच दिवशी सकाळपासून शिक्षक होऊन फिरलेली पोरं ही.

दर 3 जानेवारीला आमच्या मुली सावित्रीबाईंवर अशी भाषणं करतात की समोरच्या पालकांच्या डोळ्यांत पाणी येतं. 1848, भिडेवाडा, अंगावर शेण झेललं, सगळं तोंडपाठ. कौतुकात आम्ही कुठंच कमी पडलेलो नाही, हे आधी नोंदवून ठेवतो, कारण पुढचं प्रकरण त्यामुळेच घडलं. पोरांना शिक्षकी थोर वाटत होती, फक्त ती आपली वाटत नव्हती.

आधीचं थोडं

कोल्हापुरात शिक्षणाचं नाव काढलं की शाहू महाराज येतातच. 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. कर्मवीर भाऊराव पाटील याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे. देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. त्यांनी गारगोटीला उभ्या केलेल्या मौनी विद्यापीठात माझं बी.एड. झालं. एवढी पुण्याई पाठीशी असताना पोरांच्या चिठ्ठ्या अशा का निघाल्या?

उत्तर गावात शोधावं लागतं. 2000 नंतर डी.एड.चा, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेचा, सुकाळ आला होता. यादीत नाव लागलं की घरात पेढे वाटायचे, पोरीचं लग्न ठरायला तेवढं बास होतं. मग ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, कागदावरचे विद्यार्थी उघडे पडले आणि 2 मे 2012 च्या शासन निर्णयानं भरती थांबली. पुढं डिसेंबर 2013 मध्ये पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली, 2017 मध्ये भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. दरम्यान पदविका हातात घेऊन बसलेल्यांची वयं वाढत गेली. आमच्या गावात असे दोघे आहेत. एक दुधाच्या टेम्पोवर, दुसरा वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी गाडी, चालवतो. दोघांनीही माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं असतं, असं मला वाटतं. गावातलं प्रत्येक पोरगं रोज त्यांच्या गाडीत बसून शाळेला येतं. मी फळ्यावर काहीही लिहिलं तरी त्या वडापचं वजन जास्त पडणार.

आणि आम्ही स्वतः? स्टाफरूममध्ये वीसेक माणसं. एकाचंही पोर या धंद्याकडे वळलेलं नाही. माझा मुलगा पुण्यात कॉम्प्युटर शिकतोय. हुशार पोरानं चुकून 'सर, मला शिक्षक व्हायचंय' म्हटलं तर आमच्यातलंच कुणीतरी म्हणतं, 'का रे, चांगले मार्क हायत की तुला.' मी स्वतः हे वाक्य किमान दोघांना ऐकवलेलं आहे.

2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची शासनाची कलचाचणी व्हायची. त्यात कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, अगदी गणवेशधारी सेवा असाही स्वतंत्र रकाना होता. शिक्षकीला रकाना नव्हता. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यात 1980च्या दशकापासून शाळेतल्या वरच्या वर्गांसाठी शिक्षकीची ओळख करून देणारा अभ्यासक्रम आहे. त्यातली मुलं लहानांच्या वर्गांत जाऊन प्रत्यक्ष काम बघतात, थोडं करतात. आपल्याकडे तेवढ्यापुरता स्वयंशासन दिन. त्याच देशातले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 मध्ये एका गोष्टीवर नेमकं बोट ठेवलं होतं: शिक्षकी हा असा धंदा आहे की त्यात येणाऱ्यानं तो आधी वर्षानुवर्षं रोज बघितलेला असतो, पण फक्त बाकावरून. त्यामुळे त्याला फळ्यापुढचं बोलणं दिसतं. आदल्या रात्रीची तयारी, वहीतल्या चुकीमागं काय घोळ आहे याचा विचार, हे दिसत नाही. सहावीत मला माझा चष्मा दिसला तो त्यामुळेच.

कोप्यांवरचे शनिवार

दिवाळीच्या आसपास कारखाना पेटला आणि गावाच्या कडेला कोप्या उभ्या राहिल्या. पाचटाच्या भिंती, वर निळी ताडपत्री. ऊसतोडीला आलेली बीडकडची कुटुंबं. आईबाप पहाटे फडात जातात. मागं राहिलेली मोठी पोरं लहानांना सांभाळतात, नाहीतर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंड्या विकायला दारोदार फिरतात. पूर्वी साखरशाळा असायच्या, आता जवळच्या शाळेत नाव घालायचं, शिक्षण हमी कार्ड आणायचं असं धोरण आहे. नाव घातलं जातं. पोरगं वर्गात येतं का, हे धाकट्या बहिणीला कोण सांभाळणार यावर ठरतं.

शनिवारी आमची सकाळची शाळा. सुटल्यावर तासभर कोप्यांवर जायला कोण तयार आहे, असं दहावीत विचारलं. नऊ जण निघाले. त्यातले तिघं फक्त मी गणिताचा मास्तर म्हणून आले, हे मला ठाऊक होतं.

नियम थोडेच केले. एकाकडे दोनच पोरं. चार शनिवार एकच गोष्ट शिकवायची, पुस्तक संपवायचं नाही. आणि परत आल्यावर वहीत एक ओळ: आज पोरगं कुठं अडलं? 'छान वाटलं', 'आनंद झाला' असलं काही लिहिलं तर मी पान परत देणार.

या प्रकरणातली मुख्य मुलगी या नवांपैकी. तिला मी इथं ताई म्हणतो, कारण कोप्यांवरची पोरं तेच म्हणायची. वर्गात तिचा नंबर मधला. फळ्याजवळ बोलावलं तर आवाज फुटायचा नाही. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला, आई दोन म्हशी राखते, दहा दिवसांचं दुधाचं बिल आलं की घरखर्च निघतो.

तिच्या वाट्याला आलेल्या दोघांपैकी एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा, भारी तरतरीत. पहिल्याच दिवशी त्यानं तिचीच शिकवणी घेतली. कोल्हापुरी रिवाजाप्रमाणे ही म्हणाली, 'मी आता जातो, पुढल्या शनिवारी येतो.' त्यावर तो म्हणाला, 'ताई, तू पोरगी हाईस ना? मग जातो का म्हणतीस?' आमच्याकडे बायका सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात आणि कुणाच्या कानाला खटकत नाही. तिनं ते वहीत लिहून आणलं होतं. अडला तो नाही, मी अडलो, अशी ओळ. पान परत दिलं नाही.

दुसऱ्या शनिवारी वजाबाकी. 52 वजा 27. तिनं आम्ही शिकवलेलं तसंच सांगितलं: दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा. पोरानं विचारलं, 'मग परत कधी द्यायचा?'

शेजारी बसलेला आमचा वर्गातला पहिला नंबर मोठ्यानं हसला. ताई हसली नाही. पोराच्या घरात सगळं आयुष्य उचलीवर चाललेलं. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता सहा महिने फडात. फिटली नाही तर पुढच्या साली परत यायचं. अशा घरातलं पोर उसनं घेतलेलं कधी द्यायचं हे विचारणार नाही तर काय विचारणार?

सोमवारी ती माझ्याकडे आली. 'सर, खरंच, परत कधी देतो आपण?'

मी वीस वर्षं 'उसना घे' म्हणत होतो. गारगोटीला पाठ घेताना 'दशक सुटा करणे' हा शब्द मी शिकलो होतो, पाठ्यपुस्तकातही तसंच छापलेलं असतं. पण जिभेला वळण माझ्या मास्तरांचं. मी म्हणालो, 'ती बोलायची पद्धत आहे.' तिचं तोंड बघून कळलं की हे उत्तर तिला पुरलं नाही. मलाही पुरलं नाही.

पुढच्या शनिवारी ती चुलत्याच्या शेतातनं उसाच्या कांड्या तोडून घेऊन आली, बोटाएवढ्या. दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधलेल्या. पाच मोळ्या आणि दोन सुट्या कांड्या पोरापुढं ठेवल्या. सत्तावीस कांड्या गाडीत भरायच्या आहेत, सुट्या दोनच आहेत, कसं करशील?

पोरानं तिच्याकडे असं बघितलं की ही बाई खुळी आहे की काय. 'मोळी सोडीन की.'

सोडली. बारा झाल्या, सात काढल्या, मग दोन मोळ्या उचलून बाजूला ठेवल्या. उरल्या किती ते त्यानं न विचारता सांगितलं. उसनं कुठं आलंच नाही. घरचीच मोळी होती, घरातच सोडली.

त्या दिवशीची ओळ: उसना हा शब्द काढून टाकला. पण 402 मधून 157 काढायला सांगितलं की परत अडतो, मधल्या घरात मोळीच नाही.

ही ओळ वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. दशकस्थानी शून्य असलं की पोरं गडबडतात, हे बी.एड.ला आम्हाला वेगळं शिकवावं लागतं. ही चौथीच्या पोराबरोबर जमिनीवर बसून तिथं पोचली होती. आठवड्यानं त्या पोरानंच वाट काढली: दहा मोळ्यांची एक गाडी. मोळी नसेल तर आधी गाडी उतरवायची.

बाकीच्यांचं काय झालं तेही सांगतो. पहिल्या नंबरच्या वहीत सलग तीन शनिवार एकच ओळ होती: 'सोपं आहे, तरी येत नाही.' तिसऱ्या वेळी तो चिडून म्हणाला, 'सर, किती वेळा सांगायचं ह्याला?' गणित त्याला झोपेतही येतं आणि म्हणूनच समोरच्याला का येत नाही याची त्याला कल्पनाच करता येत नव्हती. दोघी दोन शनिवारांनंतर आल्या नाहीत, घरच्यांना कोप्यांवर जाणं पसंत नव्हतं.

एक पोरगा तालमीतला. तो मात्र मला आश्चर्याचा धक्का देऊन गेला. त्यानं पोराचा हात धरून आकडा गिरवून घेतला, चुकल्यावर काही न बोलता परत पहिल्यापासून. विचारलं, हे कुठं शिकलास? 'तालमीत, सर. वस्ताद सगळ्यांना कुठं बघणार? मोठ्यानं बारक्याला डाव दावायचा. चुकला की तोंडानं सांगायचं न्हाई, परत धरायचं.' कोल्हापुरात गल्लोगल्ली पोरं पोरांना शिकवतायत आणि आम्ही शिक्षक मिळत नाहीत म्हणून रडतोय. पण तो पाचव्या शनिवारनंतर आला नाही. अग्निवीर भरतीसाठी पहाटे धावायचं, संध्याकाळी अकॅडमी. आता तो फौजेत आहे. तो गेला याची मला अजून हळहळ वाटते, ताई राहिली याच्या आनंदाइतकीच.

सहा हजार

डिसेंबरात ताईनं घरी सांगितलं, मला शिक्षिका व्हायचंय, लहान पोरांची. दुसऱ्या दिवशी वडिलांचा निरोप: सरांना चहाला बोलाव.

मी गेलो. अंगणात खाट, समोर गोठा. आई धारा काढत होती. चहा येईपर्यंत उसाच्या दरावर बोलणं झालं. मग ते म्हणाले, 'सर, एकच सांगा. पोरीनं सगळं केलं, नंबर लागला, तर पहिला पगार किती?'

'सहा हजार.'

'महिन्याला?'

'महिन्याला. शिक्षण सेवक म्हणून. तीन वर्षं.'

त्यांनी गोठ्याकडे बघितलं. 'ही म्हैस ह्याच्यापेक्षा जास्त देत्या, सर.'

यावर काय बोलणार? 2000 साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला तीन हजार होते, नंतर सहा झाले आणि तिथंच अडकले. मी राष्ट्रनिर्माण वगैरे काढलं असतं तर चहा संपायच्या आत संभाषण संपलं असतं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान मागितलं आणि पेन काढलं.

बारावी, वय 18. डी.एल.एड., म्हणजे डी.एड.चंच नवं नाव, दोन वर्षं, वय 20. टीईटी, 150 गुण, खुल्या गटाला 60 टक्के लागतात, एकदा मिळाली की प्रमाणपत्र कायमचं. मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, 200 गुणांची, ती दरवर्षी होत नाही. 2017 नंतर तेव्हापर्यंत दुसरी झालेली नव्हती. मग पोर्टलवर पसंतीक्रम, वाट बघणं. इथं मी पानावर मोठी रिकामी जागा सोडली. मग तीन वर्षं मानधन. त्यानंतर वेतनश्रेणी, मूळ पगार 29,200 पासून, वर महागाई भत्ता.

'मधी ही मोकळी जागा कसली?'

'ती किती वर्षांची ते मला सांगता येत नाही.'

ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते दोन प्रश्न विचारले जे आमच्याकडे प्रत्येक बाप विचारतो. 'टीईटीत पैसं देऊन पास केल्यालं पेपरात आलंतं की.' आलं होतं, डिसेंबर 2021 मध्ये पुण्याच्या पोलिसांनी ते प्रकरण बाहेर काढलं. 'आणि संस्थेत लागायला किती द्यावं लागतंय?' मी म्हणालो, जिल्हा परिषदेत लागायला मुलाखत नाही, गुणांवर यादी लागते. खासगी संस्था मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय असे दोन पर्याय घेऊ शकतात. पोरीनं बिनमुलाखतीचा मार्ग धरायचा. तिथं गुण बोलतात. दुसऱ्या मार्गाबद्दल लोक काय बोलतात ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

आई तोवर चरवी घेऊन आली होती. म्हणाली, 'नर्सिंगला घाला म्हणत्यात सगळी. पर ही शनिवारी तिकडनं आल्यावर जेवताना बोलत्या. एरवी एक शब्द बोलत न्हाई ही.'

त्या संध्याकाळी काही ठरलं नाही. वडिलांनी पान घडी करून खिशात घातलं, एवढंच.

फेब्रुवारी 2023 मध्ये शासन निर्णय आला: मानधन प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18, उच्च माध्यमिकला 20, जानेवारीपासून लागू. मी मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या घरावरून गेलो. ते म्हणाले, 'म्हंजे म्हशीच्या बरोबरीला आलं म्हणायचं.' त्याच महिन्यात अभियोग्यता चाचणीही सुरू झाली, पाचेक वर्षांनी. वर्षभरानं, फेब्रुवारी 2024 मध्ये, सुमारे 11 हजार उमेदवारांची शिफारस झाली आणि टेम्पोवाल्या डी.एड.चं नाव त्यात निघालं. पाहुण्यांनी दिलेल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा त्या बातमीनं ताईच्या घरात जास्त काम केलं. वडापवाल्याचं वय निघून गेलं होतं.

माझी चूक

दहावी झाल्यावर मी तिला सांगितलं: बारावी कर, पदवी घे, मग बी.एड. मी तसंच केलं होतं, म्हणून तोच रस्ता मोठा वाटत होता. डी.एड. म्हणजे खालची पायरी, हा आमच्या हायस्कूलवाल्यांचा जुना गर्व त्यात मिसळलेला होता, हे आता कबूल करतो.

11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. ही पात्रता चालणार नाही. लहान मुलांना शिकवायचं शास्त्र वेगळं आहे, त्यासाठी प्राथमिकची पदविकाच हवी. ताई तेव्हा अकरावीला कला शाखेत, केएमटीच्या बसनं शहरात ये-जा करणारी. तिनं बातमी मोबाइलवर वाचली आणि थेट शाळेत आली. 'सर, मला बारकी पोरं पायजेत. तुम्ही मला बी.एड. म्हणत होता.'

मी ऐकलं होतं तिचं म्हणणं, पण ऐकलं नव्हतं. कळलं का, असं विचारून उत्तराआधी पुढं गेलो होतो.

बारावीनंतर पदवी आणि बी.एड. एकत्र देणाऱ्या चार वर्षांच्या एकात्मिक पदवीचाही विचार आम्ही केला. 2020 च्या राष्ट्रीय धोरणानं 2030 पर्यंत तीच किमान पात्रता करायचं म्हटलंय. पण त्याची प्रवेश परीक्षा, त्यासाठी बाहेरगावी राहणं आणि आमच्या ओळखीत त्या वाटेनं गेलेलं कुणीच नाही, यामुळे घरून नकार आला. 2025 मध्ये बारावी झाल्यावर तिनं डी.एल.एड.ला प्रवेश घेतला. माझ्या तरुणपणी जिथं यादीत नाव यावं म्हणून नवस बोलायचे, तिथं आता जागा भरत नाहीत. तिचे काही नातेवाईक अजून विचारतात, नर्सिंगचं काय झालं.

शिक्षक दिन, तीन वर्षांनी

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. चारच दिवसांनी शिक्षक दिन. मी नववी-दहावीचा म्हणून सुटलो, पण माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मॅडम, पंचवीस वर्षं सहावीला मराठी शिकवणाऱ्या, बालमानसशास्त्राचं पुस्तक घेऊन बसलेल्या. बाहेर पोरं गुलाबाची फुलं वाटत होती, आत कुणाला बोलवत नव्हतं.

ताई त्या दिवशी आली होती. आमच्यातले एक सर तिला म्हणाले, 'बघितलंस? अजून वेळ गेलेली नाही. फिर माघारी.' ती काही बोलली नाही. मॅडमच्या शेजारी बसली आणि त्यांच्या पुस्तकात बघून म्हणाली, 'मॅडम, हे पियाजेचं आम्हाला पहिल्याच सत्रात आहे. मी नोट्स आणून देतो.' मॅडमनी दुसऱ्याच दिवशी मागून घेतल्या.

स्वयंशासन दिन आम्ही आता वेगळ्या तऱ्हेनं करतो, त्याचं श्रेय त्या वह्यांना. साड्या आहेत, फुलं आहेत, ते काढून घ्यायचं कारण नाही. पण शिकवायला जाणारं पोर आधी दोन दिवस त्या वर्गात मागच्या बाकावर बसतं, एकच घटक तयार करतं, आणि तास झाला की आमच्यासमोर बसून एका प्रश्नाचं उत्तर देतं: कुणाला कळलं नाही, आणि ते तुला कशावरून कळलं? पहिल्या वर्षी बहुतेकांनी सांगितलं, सगळ्यांना कळलं. त्यांना दुसऱ्या तासाला परत त्याच वर्गात पाठवलं.

चिठ्ठ्या मी दरवर्षी घेतो. आता त्यात शिक्षक हा शब्द कधी एकदा, कधी दोनदा येतो. काही वर्षी येत नाही. 2022 च्या नवांपैकी शिक्षकीच्या वाटेवर एकटी ताई आहे. पहिला नंबर इंजिनिअरिंगला गेला आणि सुट्टीत भेटला की त्या पोराची चौकशी करतो, ज्याला येत नव्हतं. ज्या पोरानं उसन्याचं विचारलं होतं ते परत आलं नाही. मुकादमानं पुढच्या साली त्यांची टोळी कर्नाटकात नेली, असं शेजारच्या कोपीवाल्यांनी सांगितलं.

2025 च्या नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला आणि एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर ताई थेट कोप्यांवर आली. या वर्षी नववीच्या सहा पोरी-पोरं होती. शाळेच्या कपाटातल्या जुन्या मोळ्या वाळून चिपाडं झालेली, म्हणून तिनं त्यांना नवा ऊस आणायला लावला. त्यांनी घाईघाईनं जुड्या बांधल्या. एक सात-आठ वर्षांची पोरगी मांडी घालून बसली, नववीतल्या मुलीनं तिच्यापुढं चार मोळ्या मांडल्या. त्यातल्या एकीत अकरा कांड्या होत्या. ते मला लांबूनही दिसलं आणि नववीच्या मुलीलाही दिसलं. तिनं पटकन हात पुढं केला, जादाची कांडी काढून घ्यायला.

ताईनं तिचं मनगट धरलं. लहान पोरगी मोळी सोडून मोजत होती. आठ, नऊ, दहा. मग हातातल्या कांडीकडे बघत थांबली.